सहीखाली वेळ

एकेचाळीस नंबरची बस मी नऊ वर्षं चालवली. सकाळी नऊ बत्तीसला मार्केटच्या स्टॉपवरून सुटायची आणि दहा चारला वर माळावर, मूर एंडला पोचायची. नऊ एकतीस नाही की नऊ तेहेतीस नाही. यावरून मी मोठी शिस्तीची बाई आहे असं कुणी समजू नये, माझ्या घरातलं घड्याळ नाताळपासून बंद पडलंय. वेळेचं कारण होतं क्लिफ सग्डन.

पण आधी लवकऱ्यांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना बसचा फुकट पास मिळतो आणि तो साडेनऊनंतरच चालतो. तरी ही मंडळी नऊ वीसला येऊन रांग लावतात आणि मी दार उघडलं रे उघडलं की विचारतात, "लवकर झालं का गं?" रोज. घड्याळ डोक्यावर लटकतंय तरी रोज. म्हणून डेपोतले सगळे ड्रायव्हर त्यांना लवकरे म्हणतात. माघारी म्हणतात. मी तोंडावर म्हणते, आणि त्यांनाही ते आवडतं.

माझे पक्के लवकरे तीन. एक म्युरिएल टॉर्डॉफ, चाळीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात जेवण रांधलेली, आवाज अजून पाचशे पोरांना पुरेल असा. दुसरा रेज बॅराक्लफ, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि मत जन्मभर एकाच पक्षाला दिलं. तिसरी एनिड सग्डन, वय एक्क्याऐंशी, गुडघा कामातून गेलेला, मांडीवर पिशवी आणि पिशवीत सुपाचा थर्मास. एनिड म्हणजे क्लिफची बायको.

क्लिफनं हीच एकेचाळीस नंबर एकतीस वर्षं चालवली होती. आता तो मूर एंडच्या वृद्धाश्रमात असतो. त्याला बायको ओळखू येत नाही, बस मात्र ओळखू येते. रविवार सोडून रोज दहा वाजता तो टोपी घालून फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसतो. गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर एनिडनं पट्टीनं रेघा मारून दिलेलं कार्ड. पूर्वी शेवटच्या स्टॉपला इन्स्पेक्टर उभा असायचा आणि ड्रायव्हरच्या कार्डावर सही करून खाली गाडी पोचल्याची वेळ लिहायचा. आता इन्स्पेक्टर नाहीत, तर मी उतरते, सही करते, खाली दहा चार लिहिते. क्लिफ ते वाचतो, मान डोलावतो आणि एनिडला म्हणतो, "बसा बाई." त्यानंतरच ती त्याच्या शेजारी बसू शकते. तिच्या हातचं सूप तो पितो, हातात हातही ठेवू देतो. भरलेलं कार्ड शनिवारी माझ्याकडे देतो, डेपोत जमा करायला.

मार्चमध्ये रस्ता खणला होता तेव्हा मला चाळीस मिनिटं उशीर झाला. क्लिफ बस शोधायला निघाला. दुपारी तो दगडाच्या खाणीच्या काठावर सापडला, पायात घरातल्या सपाता.

आणि आता स्टॉपच्या खांबावर पिवळा कागद लागला होता. उतारू कमी असल्यानं एकेचाळीस नंबर जूनच्या शेवटच्या शनिवारी बंद. मूर एंडला जाणारी दुसरी बस नाही. तो कागद मी रोज वाचायची आणि रोज मनातल्या मनात एक शिवी द्यायची.

अशात निवडणूक लागली. एका सोमवारी टीव्हीवर तिन्ही पक्षप्रमुखांचा वाद झाला, आणि मंगळवारी सकाळी माझ्या बसमध्ये त्या वादाचं शवविच्छेदन सुरू झालं. गाडी स्टॉपवर उभी होती, साडेनऊला अवकाश होता, पण बाहेर वारा होता म्हणून मी तिघांना आत घेतलं होतं.

"तो सेलवुड पाहिलास का?" म्युरिएल म्हणाली. "काय ते हातवारे! दीड तास हवेत पाव मळत होता मेला."

एड्रियन सेलवुड म्हणजे रेजच्या पक्षाचा प्रमुख. पक्षाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. कुठलंही घाला, बसतं.

"मुद्द्याला धरून बोलला तो," रेज म्हणाला. "त्या फिंचबाईसारखा उगाच दात तरी काढत नव्हता. आणि तो तिसरा तर नुसता बोंबलत होता. टीव्हीवाल्यांनी सेलवुडला दहापैकी सात दिले."

"सातचं कौतुक मला नको सांगूस. मी पोरांची ताटं उचललीत. दहापैकी सात म्हणजे चाटून खाल्लं नाही, थोडं उष्टं टाकलं."

"तुला कुणीच पसंत नाही."

"मला जेवण पसंत पडतं, वाढप्याचा सदरा नाही. एनिड, तू सांग, कोण जिंकलं?"

एनिडनं थर्मास सरळ केला. "म्हाताऱ्या माणसांचं काय करणार, असं एका बाईनं विचारलं तेव्हा तिघंही म्हणाले, तुमचं म्हणणं आम्हाला ऐकू येतंय. ऐकू तर आमच्या क्लिफलाही येतं. त्याच्या कानात मशीन आहे."

म्युरिएल खो खो हसली, आणि मीही इतकी हसले की डोळ्यांत पाणी येऊन मला समोरचं दिसेना. आणि तेवढ्यात खरंच समोरचं दिसेनासं झालं, कारण माझ्या नाकासमोर एक भलीमोठी दुमजली गाडी आडवी येऊन उभी राहिली. तिच्या अंगावर सेलवुडचं तोंड, खिडक्यांसकट. प्रचाराची गाडी, आणि उभी कुठं, तर बस स्टॉपवर.

गळ्यात ओळखपत्र आणि दोन्ही हातांत फोन असलेला एक इसम माझ्या दारात आला. "तुम्ही ड्रायव्हर का?"

"छे, मी राजाची मावशी. ड्रायव्हर रजेवर आहे."

तो हसला नाही. "साहेब येऊन आजीआजोबांशी बोलतील, फोटो होतील. दहा मिनिटं लागतील. दार उघडं ठेवा आणि गाडी हलवू नका."

"नऊ बत्तीसला हलणार."

"तुमच्या ऑफिसशी बोलणं झालंय आमचं."

"माझ्याशी कुठं झालंय?"

त्याला वाटलं मी गंमत करतेय. लोकांना हे फार वेळा वाटतं.

नऊ अठ्ठावीसला सेलवुड चढला. मागोमाग आमच्या गावच्या साप्ताहिकाची फोटोवाली, टेस. टीव्हीवर दिसतो त्याहून तो बुटका होता, पण हसू तेच होतं, काल रात्रीचं.

"अहो, लवकर झालं तुम्हाला!" म्युरिएल ओरडली. "साडेनऊच्या आत चढायचं तर तिकीट लागतं."

तो हसतच खिसे चाचपू लागला. रेज धडपडत उठला, कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "मी काढतो साहेबांचं." आणि त्यानं काढलं. सेलवुडनं त्याचा हात हातात घेतला, तो टेसकडे तोंड करून. रेजला पत्ता नव्हता, आणि त्याला इतका आनंद झालेला पाहून मलाच वाईट वाटलं.

घड्याळात नऊ बत्तीस झाले. फोनवाला बाहेरून तळहात दाखवत होता, थांब, थांब. मी आरशात एनिडकडे पाहिलं. पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून ती त्या पिवळ्या कागदाकडे बघत होती, आणि मला खाणीच्या काठावरच्या सपाता आठवल्या. मी दार लावलं, गाडी मागं घेतली, त्या दुमजली धुडाला वळसा घातला आणि निघाले.

फोनवाला काचेवर थापा मारत पळाला. प्रचाराची गाडीही मागं लागली, पण पुढं रेल्वेचा ठेंगणा पूल आहे. त्याच्याखालून माझी बस जाते, सेलवुडचं दुमजली तोंड जात नाही.

सेलवुड तोल सावरत पुढं आला. "ड्रायव्हर, जरा गैरसमज झालाय."

"गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये. पाटी आहे तिथं."

"मला उतरायचं आहे."

"मग घंटी दाबा. सगळे तेच करतात."

त्यानं घंटी दाबली. पुढच्या स्टॉपला मी गाडी उभी केली आणि दार उघडलं. आम्ही कुणाला डांबून ठेवलं नव्हतं, हे मी पुढं डेपोतही सांगितलं आणि इथंही सांगते. दार सताड उघडं होतं.

"उतरायचं तर उतरा," एनिड म्हणाली. "नाहीतर वर चला. माझा नवरा बघाल."

सेलवुडनं दाराकडे पाहिलं. मग टेसच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग तो बसला.

चढ लागला तशी म्युरिएलला स्फुरण चढलं. पक्षप्रमुख हाताशी सापडलाय म्हटल्यावर ती कशाला सोडते! "काल तुम्ही पाणी फार प्यालात. अडचणीचा प्रश्न आला की एक घोट. मला वाटलं आता मध्येच जावं लागतंय याला."

"म्युरिएल!" रेज म्हणाला.

"नाही, बोलू द्या," सेलवुड म्हणाला. "मला मोकळं बोलणं आवडतं."

"मग हे घ्या मोकळं," एनिड म्हणाली. "ही बस या महिन्याच्या शेवटी बंद होतेय. वर माझा नवरा आहे. रोज दहा चारला तो हिची वाट बघतो. नाही आली तर शोधायला निघतो, आणि वर तीन बाजूंनी खाणी आहेत. मला चालवत नाही. मी वर पोचू कशी आणि त्याला थांबवू कशी, ते सांगा."

सेलवुडनं मान तिरकी केली. अंगठा मुठीवर ठेवला. "एनिड, मला तुमचं म्हणणं अगदी ऐकू येतंय."

म्युरिएल फुटली. "मशीन गं! एनिड, यालाही मशीन बसवलंय!"

हसू आवरेना म्हणून मला चढावर गिअर उतरवावा लागला. रेजही हसला असता, पण त्यानं ओठ दाबून धरले आणि खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजल्यासारखं केलं. सेलवुड सांगत होता की सुटी सुटी बस बघून चालत नाही, सगळ्या जाळ्याचा एकत्र विचार करावा लागतो. एनिडनं विचारलं की त्या जाळ्यात माझ्या नवऱ्याला कुठल्या भोकात बसवणार. त्यावर त्यानं पाणी मागितलं. बसमध्ये पाणी नव्हतं.

दहा चारला आम्ही मूर एंडला पोचलो. क्लिफ बाकावर होता. मी सहीसाठी उतरणार तोच सेलवुड पुढं झाला, त्याला मोकळी हवा हवी होती. क्लिफला दिसला सूट, टाय आणि चकचकीत बूट. इतक्या वर्षांनी इन्स्पेक्टर आला होता. तो झटकन उभा राहिला, टोपी नीट केली.

"एकेचाळीस, साहेब. मार्केटहून नऊ बत्तीस." आणि त्यानं पुठ्ठा पुढं केला.

सेलवुडला सह्या देण्याची सवय. त्यानं पेन घेतलं, कार्डभर फराटेदार सही ठोकली, क्लिफच्या खांद्यावर थोपटलं आणि टेसकडे बघून हसला.

क्लिफ कार्डाकडे बघत राहिला. "वेळ?"

"काय म्हणालात?"

"सहीखाली वेळ नाही घातलीत साहेब. वेळेवाचून सही म्हणजे नुसती शाई."

सेलवुडच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदा गेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर बोलतोय तो. घाला वेळ." मग त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि पोरानं परीक्षेत लिहावं तसं सावकाश लिहिलं, दहा चार. क्लिफनं वाचलं, मान डोलावली, बाकावर सरकून जागा केली. "बसा बाई."

एनिड लगेच बसली नाही. तिनं पिशवीतून रेघा मारलेलं दुसरं, कोरं कार्ड काढलं आणि सेलवुडपुढं धरलं. "आता माझ्या कार्डावर. लिहा, एकेचाळीस नंबर चालू राहील. खाली सही. आणि सहीखाली वेळ, कधीपर्यंत ते."

पेन त्याच्या हातातच होतं. त्यानं कार्डही घेतलं. पेनाचं टोक कागदापासून बोटभर वर थांबलं. वाऱ्यानं कार्ड फडफडत होतं, ते त्यानं अंगठ्यानं दाबून धरलं, म्हणजे लिहील की काय असं मला एक क्षण वाटलंही. टेसनं तेवढ्यात फोटो काढला.

"मिसेस सग्डन, तुम्ही समजून घ्या, मी असं एकदम..."

"ऐकू येतंय मला," एनिड म्हणाली.

त्यानं पेनाला टोपण लावलं आणि कार्ड परत दिलं. कोरंच. एनिडनं ते घडी न घालता पिशवीत ठेवलं, थर्मास उघडला आणि क्लिफच्या शेजारी बसली. मला त्या माणसाचा राग आला होता, पण खोटं का बोला, थोडी कीवही आली. दहा चार लिहायला सांगितलं तेव्हा त्यानं ते निमूट लिहिलं होतं.

परतीला तो मागच्या बाकावर एकटा बसला. मार्केटला फोनवाला वाटच बघत होता. सेलवुड खाली उतरला आणि सरळ चालू लागला. आमच्या गावात शेंबडं पोरही उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणतं. रेज दारातून ओरडला, "साहेब! ड्रायव्हरचे आभार मानायचे राहिले!" त्यानं वळून पाहिलं नाही. रेज परत सीटवर जाऊन बसला आणि साहेबांसाठी काढलेलं तिकीट खिशातून काढून बघत राहिला.

साप्ताहिकानं पहिल्या पानावर फोटो छापला, वर कोरं कार्ड, पेन आणि बोटभर अंतर. पक्षाच्या कचेरीतून माझ्यावर तक्रार आली. डेपोचा मॅनेजर डंकन, त्यानं मला बोलावून तक्रार वाचून दाखवली. मी त्याच्यासमोर क्लिफचं भरलेलं कार्ड ठेवलं.

"गाडी वेळेत सुटली, वेळेत पोचली. त्यावर सही आहे."

"कुणाची?"

"वाच ना."

डंकननं वाचलं आणि चहाचा घोट त्याच्या नाकात गेला. बराच वेळ खोकून झाल्यावर तो म्हणाला, "लॉरेन, लेखी समज देतोय. पुन्हा असं काही केलंस तर घरी बसशील. आणि एकेचाळीस बंद होतेय ती होतेच आहे. त्यात तुझं माझं काही चालत नाही."

मतदानाच्या गुरुवारी आमच्या गल्लीच्या शाळेत सकाळी सातला दार उघडलं, तेव्हा रांगेत पहिली एनिड होती, दुसरी म्युरिएल. मत द्यायला फोटोचं ओळखपत्र लागतं आणि म्हाताऱ्यांचा बसचा पास त्याला चालतो. एनिडनं पास पुढं केला आणि सवयीनं विचारलं, "लवकर झालं का?" टेबलामागची मुलगी म्हणाली, "नाही आजी, इथं हा सातपासून चालतो." म्युरिएलनं ते मला बसमध्ये तीनदा सांगितलं. आपण कुणाला मत दिलं ते मात्र एनिडनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मतावर खूण करायची पेन्सिल दोरीनं बांधलेली असते गं तिथं. त्यांना वाटतं आपण पळवू."

निवडणूक कुणीतरी जिंकलं. दर वेळी कुणीतरी जिंकतंच. पिवळा कागद खांबावर तसाच राहिला. शेवटच्या शनिवारी मी कार्डावर सही केली तेव्हा क्लिफ म्हणाला, "सोमवारी भेटू," आणि एनिडनं माझ्याकडे पाहिलं.

"सोमवारी मी स्टॉपवर असेन," परतीला ती म्हणाली.

"एनिड, बस नसेल."

"नसेल म्हणजे? उशिरा असेल. मी थांबेन."

मला त्या रात्री झोप लागली नाही.

सोमवारच्या माझ्या नव्या पत्रकात लिहिलं होतं, नऊ बत्तीस, मार्केटहून रिकामी गाडी डेपोत न्यावी. मी मार्केटला वळले. स्टॉप बंद झाल्याची खूण म्हणून खांबाला पिवळी पिशवी घालून तोंड बांधलं होतं, आणि त्या खांबाखाली रांग होती. एनिड, म्युरिएल, आणि त्यांच्या मागं तीसेक म्हातारी माणसं, निम्म्यांचं मूर एंडला काही कामही नव्हतं. सगळ्यात पुढं रेज. त्याच्या काखेत एक पाटी होती. मला ओळखीची वाटली, कारण ती पाच आठवडे त्याच्याच बागेत उभी होती, सेलवुडच्या नावाची. रेजनं ती उलटी केली. मागच्या बाजूला त्यानं काळ्या रंगात, सोनेरी कड देऊन, जुन्या दुकानांच्या पाट्यांसारखं लिहिलं होतं, ४१ मूर एंड.

मी दार उघडलं. म्युरिएलनं आत डोकं घातलं.

"लवकर झालं का गं?"

डंकनचा शब्द मला आठवत होता. माझ्या घराचे हप्ते अजून जायचे आहेत, हेही आठवत होतं. मी घड्याळ पाहिलं. नऊ एकतीस.

"साडेनऊ होऊन एक मिनिट झालंय," म्हटलं. "चढा पटपट."

रेजनं पाटी समोरच्या काचेत उभी केली. पुलाखालून गेलो, चढ चढलो, वाटेत प्रत्येक स्टॉपला थांबलो, पिशव्या घातलेल्यांनाही. दहा चारला क्लिफ बाकावर टोपी घालून बसला होता. तो खुशाल होता, त्याला काही ठाऊकच नव्हतं. मी उतरले, सही केली, खाली वेळ घातली. त्यानं वाचलं, मान डोलावली आणि एनिडला जागा करून दिली.

खिशात फोन वाजत होता. डंकन होता. मी घेतला नाही. कामावरून काढायचं तर काढा म्हणावं, कागद पाठवून द्या. फक्त सहीखाली वेळ घाला. मी नऊ बत्तीसला मार्केटच्या स्टॉपवर भेटेन.